कोंडलेला महादेव

अध्यक्ष महाराज, मंडळी, पत्रिकेत माझा विषय ‘पावसाची मोजणी आणि शेतकरी’ असा छापलाय. त्यावर बोलणारच आहे. पण सोलापुरात उभं राहून पावसावर बोलायचं आणि महादेवाला वगळायचं, हे मला जमणार नाही.

साल 1972. मी नऊ वर्षांचा. मंगळवेढ्याकडचं आमचं काळ्या रानाचं गाव. आमच्याकडं मृगापेक्षा भरवसा उत्तरा-हस्ताच्या पावसावर. त्या ओलीवर मालदांडी ज्वारी पेरायची. त्या साली हस्ताच्या हत्तीनं सोंड उचललीच नाही, पाऊस पडलाच नाही. मग गाव म्हणालं, देव कोंडा.

पुढच्या रांगेतल्या पोरांसाठी सांगतो. गाभाऱ्याचा उंबरा शेणमातीनं लिंपून बांध घालायचा आणि पिंड बुडेपर्यंत आत पाणी ओतायचं. महादेव गुदमरला की पाऊस सोडतो, अशी श्रद्धा. आड तळाला गेलेला. पोहरा आडवा पडायचा, बुडायचा नाही. तरी घरटी एक घागर ठरली.

माझ्या चुलतआजीकडं त्या दिवशी एकच तांब्या भरलेला होता, तोही वासरासाठी राखलेला. दूध आणावं तसा पदराखाली झाकून ती तो घेऊन आली. पुजारी म्हणाला, “आजी, ऱ्हाऊ द्या. वासरू तहानंल.” ती म्हणाली, “घरटी म्हणलायसा न्हवं? मग माझं घर गावात न्हाई व्हय?” आणि तांब्या रिता केला. लिंपणातून पाणी झिरपत होतं, पायरीवर शेळ्या ते चाटत होत्या. कुणी हाकललं नाही त्यांना.

रांगेत आजीच्या मागं एक बागाईतदार उभा होता. त्याच्या मळ्यातल्या विहिरीला अजून पाणी होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बोलत कुणी नव्हतं. त्यानं आपली घागर ओतली आणि मान खाली घालून निघून गेला. संध्याकाळी त्याच्या बैलगाडीवर पाण्याचं पिंप आलं. देवळात नाही, आडापाशी. पुढं रोज येत राहिलं. दामाजीपंतांच्या मुलखातली माणसं आम्ही. भरलेलं कोठार दुष्काळात उघडायचं असतं, हे लहानपणापासून ऐकलेलं.

पाऊस आला का? नाही आला. आईवडील दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले, आम्ही पोरं मदतीत मिळालेल्या सुकडीवर जगलो.

पण माझं म्हणणं इतकंच, की देव कोंडणं ही गावानं एकत्र येऊन केलेली पाण्याची मोजदाद होती. कुणाकडं किती आहे, ते त्या दिवशी देवासमोर उघडं झालं. धोंडीचंही तेच. कडुलिंबाचा पाला गुंडाळलेलं पोर दारोदार ‘धोंडी धोंडी पाणी दे’ म्हणत फिरतं आणि प्रत्येक बाई उंबऱ्यावर येऊन आपल्या हंड्यातलं ओतते. आपल्या सिद्धरामेश्वरांनी तर बाराव्या शतकात तळंच खोदवलं.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिलीत. आता पत्रिकेतला विषय.

पर्जन्यमापक असतं महसूल मंडळाच्या, म्हणजे बऱ्याच गावांच्या गटाच्या, मुख्य गावी. चोवीस तासांत 2.5 मिलिमीटर झाला की तो पावसाचा दिवस. सलग 21 दिवस कोरडे गेले की खंड धरतात, आणि नुकसानभरपाईची चर्चा त्या खंडावरून सुरू होते. मागं एका साली विसाव्या दिवशी मंडळाच्या गावात एक सर आली आणि कागदावरचा खंड मोडला. नऊ किलोमीटरवर आमच्या शिवारात धुरळा, उडीद करपलेला. कचेरीत गेलो. त्यांनी आकडा दाखवला. आकडा खरा होता, पण तो आमच्या रानाचा नव्हता. ही गोष्ट मला आजही झोपू देत नाही.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं याच सोलापूरच्या आभाळात विमानं उडवून पाऊस वाढवायला ढगांत बीजारोपण केलं, म्हणजे क्षारांचे कण फवारले, सरासरी 18 टक्के जास्त पाऊस मिळाल्याचं मोजून दाखवलं. ढग इतका बारकाईनं मोजता येतो, तर गावागणिक शिवार का मोजू नये? प्रत्येक ग्रामपंचायतीत मापक हवं, रोजचा आकडा चावडीवर लिहिलेला हवा, आणि विम्यानं तो धरला पाहिजे.

आमच्या शाळेच्या पटांगणात आम्ही वर्गणी काढून एक बसवलंय. पोरं सकाळी साडेआठला वाचतात, खडूनं फळ्यावर लिहितात. गेले सोळा दिवस शून्य आहे. ज्यांना आपल्या गावात बसवायचंय त्यांनी बाहेर पायऱ्यांपाशी थांबा. झाडाभिंतींपासून किती लांब ठेवायचं, ते मी कागदावर काढून देतो.