भिंत, पाऊस आणि आजीचा चेहरा

(पडद्यावर: खिडकीपाशी बसलेली आजी बोलते आहे. कॅमेरा स्थिर, मागे रंगवलेली भिंत.)

एका मिनिटाची क्लिप. फुल एचडी, सेकंदाला २५ फ्रेम. एका फ्रेममध्ये वीस लाखांवर पिक्सेल आणि प्रत्येक पिक्सेलचे ३ बाइट. हे सगळं जसंच्या तसं साठवायचं तर ९ जीबीहून जास्त जागा लागेल. तीच क्लिप दाबली, म्हणजे कॉम्प्रेस केली, की काही एमबीत मावते, आणि आजी तशीच दिसते.

भिंतीकडे बघा. आजीचे हात हलतात, ओठ हलतात. भिंत मिनिटभर तीच. मग ती दर फ्रेमला नव्याने कशाला लिहायची? एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ दाबणारा प्रोग्राम, एक फ्रेम पूर्ण ठेवतो आणि पुढच्या फ्रेमांत फक्त फरक नोंदवतो: हा चौकोन तिथून इथे सरकला, बस.

रंगांचंही तसंच. उजेड-अंधाराचा बारीक फरक डोळा पटकन टिपतो, रंगाचा तितका नाही. म्हणून चार पिक्सेलमध्ये रंगाची एकच नोंद ठेवतात. एवढ्यानेच निम्मा डेटा कमी होतो!

उरलेल्या फरकाचे ठळक आणि बारीक असे भाग पाडायचे, आणि बारीक भागाचे आकडे ढोबळ करायचे. हे भाग पाडण्याचं गणित अभियंते नासिर अहमद यांनी १९७२ मध्ये सुचवलं. २००३ साली आलेल्या एच.२६४ या व्हिडिओ दाबण्याच्या मानकामध्येही त्याचंच पूर्णांकी रूप आहे.

(पडद्यावर: खिडकीबाहेर धो धो पाऊस.)

इथे खरी कसोटी लागते. प्रत्येक थेंब नवा, जुन्या फ्रेममधून उचलण्यासारखं फारसं काही नाही. पूर्ण क्लिपला एकच ठरावीक बिटरेट (दर सेकंदाला किती डेटा) दिला, तर भिंतीवर तो वाया जातो आणि पावसात चौकोन दिसू लागतात. म्हणून मी फाइलचा आकार न ठरवता दर्जा ठरवते, म्हणजे सीआरएफ ही दर्जाची सेटिंग वापरते. एक्स२६४ या एच.२६४ च्या एन्कोडरमध्ये तिचा आकडा मुळात २३ असतो. आकडा उतरला की दर्जा चढतो, फाइलही वाढते. आधी पावसाचे दहा सेकंदच एन्कोड करून बघावेत. तिथे चित्र फुटलं तर २० वर यावं. प्रीसेट, म्हणजे एन्कोडिंगच्या वेगाची सेटिंग, ‘स्लो’ ठेवावा: वेळ जास्त जातो, पण तेवढ्याच जागेत चित्र जास्त चांगलं बसतं. एच.२६५ आणि एव्ही१ ही नंतरची मानकं आणखी लहान फाइल देतात, मात्र जुन्या फोनवर ती चालेलच असं नाही.

(पडद्यावर: पुन्हा आजी, चेहरा जवळून. डावीकडे एक प्रत, उजवीकडे दुसरी.)

डावीकडची प्रत दाबलेल्या फाइलवरून पुन्हा दाबलेली, तीही चार वेळा. गालावरच्या सुरकुत्या पुसल्या गेल्यात, त्वचा मेणासारखी झाली आहे. गेलेला तपशील आता कुठल्याही सेटिंगने परत येणार नाही.

उजवीकडची प्रत आकाराने जवळपास तेवढीच. पण ती कॅमेऱ्यातल्या मूळ फाइलवरून एकदाच केलेली. डोळ्याच्या कोपऱ्यात बघा, हसताना पडणारी ती बारीक घडी इथे आहे.