बंदी उठायच्या आत

(पहाट. मिरकरवाडा बंदर, रत्नागिरी. जेटीला लागलेल्या लाँचेस. इंजिन सुरू करून पाहिल्याचा आवाज.)

जुलैचे शेवटचे दिवस. १ जूनला लागलेली मासेमारी बंदी ३१ जुलैला संपते, आणि त्याआधीचा आठवडा जेटीवर पाय ठेवायला जागा नसते. जाळी विणून होतायत, डिझेल भरलं जातंय. गावी गेलेले खलाशी परतलेत. त्यांत थेट नेपाळहून आलेली पोरंही आहेत. दोन-चार दिवसांत ही सगळी माणसं समुद्रावर असतील. मग ती किनाऱ्यावर कधी गाठ पडतील याचा काही नेम नाही.

म्हणून आजच, जाळ्यांच्या ढिगाशेजारी, एचआयव्ही तपासणीचं टेबल मांडलंय.

(जवळून: एक हात.)

हा हात बघा. जाळी ओढून ओढून बोटांची कातडी इतकी राठ झालीय की पहिल्या टोचणीला रक्त येत नाही. तपासणाऱ्या ताई तो हात आपल्या हातात घेतात, चोळून गरम करतात, मग अनामिकेच्या कडेला टोचतात. एक थेंब. तो पट्टीवर पडला की वीसेक मिनिटं थांबायचं. रेघ एक आली की दोन, एवढंच बघायचं. दोन आल्या म्हणजे निकाल लागला असं नव्हे. पुढे आयसीटीसीत, म्हणजे सरकारी समुपदेशन आणि चाचणी केंद्रात, वेगवेगळ्या तीन चाचण्या होतात आणि मगच माणसाला काय ते सांगतात.

रांगेत सगळ्यात पुढे तांडेल, म्हणजे लाँच चालवणारा म्होरक्या, उभा आहे. हे मुद्दाम केलेलं आहे. तांडेलाने बोट पुढे केलं की बाकीच्यांना वेगळं काही सांगावं लागत नाही. सगळेच रांगेत असले की कुणा एकाकडे बोट दाखवता येत नाही.

(लाल मातीची पायवाट. कौलारू घर, पुढे पडवी.)

मी लहान असताना आमच्या वाडीत एक चाकरमानी मुंबईहून आजारी होऊन परत आला. त्याला पडवीतच झोपवायचे. ताट वेगळं, तांब्या वेगळा. आम्हां पोरांना त्या बाजूला फिरकायची बंदी होती. तो गेला. पण त्याच्या बायकोला दवाखान्यात कुणी नेलं नाही, तिलाही तपासायला हवं हे कुणाच्या मनातच आलं नाही. तीन पावसाळ्यांनी तीही गेली. आजही त्या घरावरून जाताना माझी मान वर होत नाही.

तेव्हा गोळ्या आपल्या आवाक्यात नव्हत्या. सरकारने मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीचा विषाणू दाबणारी औषधं, सुरू केली ती १ एप्रिल २००४ पासून. तीही लगेच मिळायची नाही. रक्तातल्या सीडी-४, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या, पेशी ठरावीक आकड्याखाली गेल्या तरच औषध. म्हणजे आजार कळलाय, औषध कपाटात आहे, आणि माणसाला सांगायचं की अजून थोडा खराब हो, मग ये.

(आकडे पडद्यावर.)

हे बदलायला सुरुवात झाली २०११ मध्ये, एका अभ्यासाने. नऊ देशांतली १,७६३ जोडपी, दोघांपैकी एकाला लागण झालेली, एकाला नाही. या अभ्यासाच्या केंद्रांत आपलं पुणंही होतं. निम्म्यांना औषध लगेच दिलं, निम्म्यांना नेहमीसारखं उशिरा. जोडीदाराकडूनच झाल्याची खात्री पटलेल्या २८ लागणी निघाल्या. त्यांतल्या २७ उशिरा औषध मिळालेल्यांच्या घरात. लवकर औषध मिळालेल्यांत फक्त एक.

गोळी रक्तातला विषाणू इतका दाबते की तपासणीत तो सापडतही नाही, आणि न सापडणारा विषाणू संभोगातून दुसऱ्याला लागत नाही. आमच्या पडवीतल्या त्या माणसाची बायको वाचली असती.

२०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की लागण कळली की सीडी-४ न बघता औषध सुरू करा. भारताने २०१७ मध्ये तेच धोरण घेतलं.

मग साहजिकच पुढचा विचार आला: अख्खं गावच तपासलं तर? आफ्रिकेत हे करून बघितलंय. झांबिया आणि दक्षिण आफ्रिकेतल्या २१ वस्त्यांत, सुमारे दहा लाख लोकांत, प्रयोग झाला. काही वस्त्यांत आरोग्यसेवक जोडीने दारोदार गेले. २०१९ मध्ये निकाल आले. दारोदार गेलेल्या वस्त्यांच्या एका गटात नवी लागण ३० टक्क्यांनी कमी. दुसऱ्या गटात, जिथे पहिल्यापासून सगळ्यांना औषध देऊ केलं होतं, तिथे मात्र घट जेमतेम ७ टक्के. दक्षिण आफ्रिकेच्याच क्वाझुलू-नाताळ प्रांतातल्या दुसऱ्या एका प्रयोगात तर फरकच पडला नाही. तपासणी भरपूर झाली होती, पण लागण कळलेली माणसं औषधापर्यंत वेळेत पोचली नाहीत. पुरुष घरी सापडायचे नाहीत. तरुण पोरं कामाच्या मागे दुसऱ्या गावी.

कोकणी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. आपल्याकडे पुरुष घरी असतो तो गणपतीत आणि शिमग्यात.

तिकडे त्या वस्त्यांत साधारण पाच प्रौढांमागे एकाला लागण होती. भारतात हजारामागे दोघांना. त्यामुळे प्रत्येक वाडीचं प्रत्येक दार ठोठावण्यात अर्थ नाही, असं मला वाटतं. अख्खी जेटी मात्र तपासावी, बंदी उठायच्या आत. चाकरमान्यांच्या गाड्या येतात तेव्हा तपासावं. ज्याला लागण निघाली, त्याच्या बायकोला तिच्या संमतीने, गाजावाजा न करता तपासावं.

संमती हा शब्द महत्त्वाचा. २०१७ चा एचआयव्ही कायदा २०१८ मध्ये लागू झाला. त्यानुसार जबरदस्तीने तपासता येत नाही, आणि लाँचच्या मालकाला निकाल मागता येत नाही. रांगेतून कुणी निघून गेला तर ताई त्याला हाक मारत नाहीत. तो उद्या येईल, म्हणतात. कधी कधी खरंच येतो.

(एआरटी केंद्र. खिडकीबाहेर पाऊस.)

रोज एक गोळी. तब्येत स्थिर असलेल्यांना दोन-तीन महिन्यांच्या एकदम देतात. सहा महिन्यांनी रक्तातला विषाणू मोजतात.

गोळ्यांच्या बाटलीवरचं लेबल बरेच जण नखाने खरवडून टाकतात. कुणी गोळ्या तंबाखूच्या डबीत भरतो, म्हणजे केबिनमध्ये कुणाला कळायला नको. समुपदेशक दादा तेवढं मात्र करू देत नाहीत. "बाटलीतच ठेव रे. ती पुडी आहे ना आत, ती काढू नको. खाऱ्या हवेत गोळी ओली झाली की कामातून गेली. लेबल काढ हवं तर."

(१ ऑगस्ट. अंधार. लाँचेस एकामागोमाग बंदराबाहेर.)

नारळ फुटला. दिवे हलत हलत लांब गेले. त्यांतल्या एका लाँचवर, पत्र्याच्या पेटीत, कपड्यांखाली, लेबल नसलेली एक बाटली आहे. दोन महिन्यांच्या गोळ्या. रात्री जेवण झालं की एक.