खांद्याकडं बघ

(धाराशिव. सकाळचं मैदान. मधल्या पाटीवर आठ मुली.)

आठ जणी बसल्यात, एक इकडं तोंड करून, एक तिकडं. नववी पाठलागावर. ‘खो!’ पाठीवर थाप पडली की बसलेली उठते आणि पळणारीला नवा हिशेब मांडावा लागतो.

(संथ गतीत पळणारीचे डोळे.)

आता हिची नजर बघा. पाठलाग करणारीच्या तोंडाकडं ती बघतच नाही. नजर खांद्यावर, मग पायावर. कारण नियमच तसा आहे: आक्रमकानं एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत ती बदलता येत नाही. खांदा कुठं वळतोय हे आधी कळलं, की सुटायला वाट मिळाली. चेहरा हुलकावणी देतो. बाहेरून ताईंचा आवाज येतोच: “तोंडाकडं काय बघायलीस, खांदा बघ!”

सारिका काळे याच जिल्ह्यातल्या. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत त्या भारताच्या कर्णधार होत्या, २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. इथं खो-खो म्हणजे मधल्या सुट्टीतला विरंगुळा नव्हे.

(शाळेची खोली. भिंतीवर लाल ठिपका.)

एक खेळाडू, एक तिच्याच वर्गातली न खेळणारी. ठिपका हळू सरकला, दोघींची बुबुळं त्याच्यामागं सरळ घसरत गेली. वेग वाढवला तर दोघींचीही मागं पडली आणि उडी मारून ठिपका गाठू लागली. प्रत्येक डोळा सहा स्नायू फिरवतात, पण स्पष्ट दिसतं ते हात लांब केल्यावर अंगठ्याच्या नखाएवढंच. बाकी सगळं अंधुक. उडीच्या क्षणी तर मेंदू चित्र जवळजवळ गाळूनच टाकतो. म्हणून उडी कुठं आणि कधी मारायची, इथंच खेळाडू वेगळा पडतो.

(नेटमधला फलंदाज.)

‘चेंडूवरून नजर हलवू नको’ हे आपण लहानपणापासून ऐकतो. ब्रिटनमधल्या मायकेल लँड आणि पीटर मॅक्लिऑड यांनी तीन फलंदाजांच्या डोळ्यांवर कॅमेरा लावला. निष्कर्ष २००० साली आले. चेंडू सुटताना बघायचं, मग नजर टप्पा पडणार तिथं आधीच नेऊन ठेवायची, असं तिघंही करत होते. चांगल्या फलंदाजाची नजर तिथं लवकर पोचत होती. वेगवान चेंडू अर्ध्या सेकंदात येतो, त्यात ही सवड फार मोठी.

नुसत्या ठिपक्याच्या चाचण्यांत खेळाडू सरस ठरतातच असं नाही. काही अभ्यासांत फरक दिसला, काहींत नाही. मोबाइलवर विकले जाणारे ‘नजरेचे व्यायाम’ मैदानात किती कामाला येतात, याचाही निकाल लागलेला नाही. आमचं मत विचाराल तर ते पैसे बुटांवर घाला.

(मैदान. तिघींची नवी तुकडी.)

चष्म्याला इलॅस्टिक बांधलेली ही मुलगी शाळेच्या तपासणीत सापडली. लांबचं धूसर दिसत होतं, आणि ती सारखी बाद होते म्हणून सगळे तिला मंद समजत होते. चष्म्याचा नंबर सरावानं जात नाही, तो तपासूनच घ्यावा लागतो. खांदा ओळखायला मात्र ती इथंच शिकली. बघा, आताच दोघींना चकवून खांबापाशी पोचली.