दोन वर्षांचं गणित

लघु माहितीपट : निवेदन

(दृश्य : स्वयंपाकघरातलं टेबल. फक्त हात. डाव्या मनगटात दोन हिरव्या बांगड्या, उजव्या हातात पेन्सिल. चौकटीची वही.)

हे हात ज्यांचे आहेत त्यांचा चेहरा तुम्हाला दिसणार नाही, नावही कळणार नाही. चित्रीकरणाला होकार देताना त्यांनी तेवढी एकच अट घातली होती. आपण त्यांना ताई म्हणू. वय ४४. माहेर सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात. गेली १६ वर्षं संसार कॅलिफोर्नियात, सॅन होजेजवळ.

वहीकडे बघा. नवं पान उलटलं की ताई आधी पट्टीनं समास आखतात. मग एक वक्र रेषा काढतात, एक्सच्या वर्गाची. ती उभ्या अक्षाभोवती फिरवली की वाटी तयार होते. वाटीची उंची चार, तोंडाची त्रिज्या दोन. हिच्यात मावेल किती? आडव्या पातळ चकत्या पाडायच्या, एकेका चकतीचं क्षेत्रफळ काढायचं आणि तळापासून काठापर्यंत बेरीज करत जायचं. चकत्या जितक्या पातळ, तितकी बेरीज अचूक. इंटिग्रेशन म्हणतात ते हेच. उत्तर आलं आठ पाय (π, साधारण ३.१४). आता तेवढ्याच उंचीचा, तेवढ्याच तोंडाचा सरळ डबा घेतला, तर त्यात मावतं सोळा पाय. म्हणजे वाटी भरते डब्याच्या बरोबर निम्मी.

ताईंनी उत्तराखाली दोन रेघा मारल्या.

(दृश्य : ओट्यावरची स्टीलची वाटी. हात ती उचलतात, तिरकी करून आत बघतात. इथे निवेदन नाही.)

हे चित्रीकरण सुरू झालं तेव्हा ताई असोसिएट डिग्री करत होत्या. विषय गणित, जोडीला सांख्यिकी. अमेरिकेत ही दोन वर्षांची पदवी असते. चार वर्षांच्या बी. एस.ची पहिली दोन वर्षं समजा. तोच कॅल्क्युलस, तशीच गणितं. फक्त ती शिकवली जातात कम्युनिटी कॉलेजात, आणि तिथे प्रवेशासाठी कुणाला परत पाठवत नाहीत.

आमच्या इथल्या मराठी मंडळींत ‘कम्युनिटी कॉलेज’ हा शब्द आवाज खाली करून बोलला जातो. ‘कुठं मिळालं नाही वाटतं?’ गणपतीच्या जेवणाच्या रांगेत हा प्रश्न मी माझ्या कानांनी ऐकलाय, आणि ज्याच्याबद्दल विचारलं तो मुलगा ताट घेऊन शेजारीच उभा होता. ही फिल्म करायचं मी त्या रांगेत ठरवलं.

(दृश्य : अमेरिकेचा नकाशा, इलिनॉय राज्य मोठं होत जातं.)

ही कल्पना सव्वाशे वर्षांची आहे. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांचं म्हणणं होतं की विद्यापीठातली पहिली दोन वर्षं वेगळी काढता येतील, गावोगावी नेता येतील. त्यांच्या आणि जोलिएटच्या शाळेचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राऊन यांच्या प्रयत्नांतून १९०१ साली जोलिएट ज्युनियर कॉलेज सुरू झालं. आज चालू असलेल्या सरकारी कम्युनिटी कॉलेजांत ते सगळ्यांत जुनं. कॅलिफोर्नियानं १९६० साली उच्च शिक्षणाचा आराखडाच केला : गुणवत्तेत वरच्या साडेबारा टक्क्यांत असलेल्यांना युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, वरच्या एक तृतीयांशांत असलेल्यांना स्टेट युनिव्हर्सिटी, आणि शिकायची इच्छा असलेल्या प्रत्येकाला कम्युनिटी कॉलेज. तिथे दोन वर्षं काढून तिसऱ्या वर्षाला वरच्या विद्यापीठात जायचा रस्ताही त्याच आराखड्यात आखलेला. आज या राज्यात अशी ११६ कॉलेजं आहेत.

(दृश्य : नासाचं संग्रहित चित्रीकरण. रात्र. कोलंबिया यान उड्डाणमंचावर.)

२३ जुलै १९९९, फ्लोरिडा, मध्यरात्र उलटून अर्धा तास झालाय. कोलंबियाच्या पोटात चंद्रा ही क्ष-किरण दुर्बीण आहे. नाव आपल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचं. स्पेस शटलनं आजवर वाहून नेलेलं हे सगळ्यांत जड ओझं. आणि यानाची कमांडर आहे आयलीन कॉलिन्स. स्पेस शटलचं नेतृत्व करणारी पहिली स्त्री.

(दृश्य : उड्डाण. पूर्ण आवाज. ज्वाळा दिसेनाशी होईपर्यंत निवेदन नाही.)

आयलीन कॉलिन्स न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा गावच्या. घरची परिस्थिती बेताची. विमान शिकायचं म्हणून कामं करून पैसे साठवले. शाळा संपल्यावर त्या शेजारच्या कॉर्निंग कम्युनिटी कॉलेजात गेल्या आणि १९७६ साली गणित-विज्ञानाची असोसिएट डिग्री घेतली. तिथून सिरॅक्यूज विद्यापीठ, गणित आणि अर्थशास्त्र, १९७८. मग हवाई दल. पुढे स्टॅनफर्डमधून ऑपरेशन्स रिसर्चची मास्टर्स, आणि हवाई दलाच्या अकादमीत काही वर्षं गणित शिकवणं. १९९० साली नासा. १९९५ साली शटलची पहिली स्त्री वैमानिक, आणि चार वर्षांनी हे उड्डाण, जे तुम्ही आत्ता पाहिलंत.

जेवणाच्या रांगेत ‘कुठं मिळालं नाही वाटतं’ म्हणणाऱ्यांना मला ही ज्वाळा दाखवायची होती.

(दृश्य : पुन्हा हात. प्लॅस्टिकच्या पिशवीतून जुनी गुणपत्रिका बाहेर येते. नाव झाकलेलं.)

ताईंनी बी. एस्सी.ची दोन वर्षं साताऱ्यात केली. विषय गणित. २००१ साली लग्न ठरलं आणि तिसरं वर्ष राहून गेलं. तेव्हा सोडलं की सुटलंच. आता नव्या शैक्षणिक धोरणात दोन वर्षांवर डिप्लोमा घेऊन थांबता येतं, पुन्हा येऊन पुढचं करता येतं. ताईंच्या वेळी हाती राहिली ती ही एवढी गुणपत्रिका.

इथे आल्यावर, २०१६ साली, मुलं जरा मोठी झाली तेव्हा त्या एका कम्युनिटी कॉलेजात गेल्या. संगणकावर परीक्षा घेतली गेली. पंधरा वर्षांत गणिताची वही उघडली नव्हती. निकाल हाती आला : प्राथमिक बीजगणितापासून सुरुवात करा. आठवीतलं गणित. ताई घरी आल्या त्या पुन्हा पाच वर्षं तिकडे फिरकल्या नाहीत.

(दृश्य : काळ्या पार्श्वभूमीवर खडूनं एकाखाली एक पाच पायऱ्या काढल्या जातात.)

त्या वेळची शिडी अशी होती. अंकगणित. त्यावर पूर्व-बीजगणित. मग प्राथमिक बीजगणित. मग मध्यम बीजगणित. पदवीसाठी जी युनिटं मोजली जातात, त्यातलं या चारही पायऱ्यांचं एकही युनिट वरच्या विद्यापीठात धरलं जात नसे. पाचव्या पायरीला खरं कॉलेजचं गणित सुरू. आता समजा, प्रत्येक पायरीवरून शंभरातले सत्तर पुढे सरकले. सत्तर म्हणजे चांगलाच निकाल. पहिल्या पायरीनंतर उरले ७०. दुसरीनंतर ४९. तिसरीनंतर ३४. चौथीनंतर २४. एकही शिक्षक वाईट नाही, एकही वर्ग फसलेला नाही, आणि तरी शंभरातले शहात्तर जण पहिल्या खऱ्या वर्गाच्या दारापर्यंतही पोचले नाहीत. केटी हर्न आणि मायरा स्नेल या कॅलिफोर्नियातल्याच दोन कम्युनिटी कॉलेज शिक्षिकांनी २०१० साली हे गळतीचं गणित सगळ्यांपुढे मांडलं.

न्यूयॉर्कमध्ये तर २०१३ साली प्रयोगच झाला. सिटी युनिव्हर्सिटीच्या तीन कम्युनिटी कॉलेजांत, ज्यांना प्राथमिक बीजगणित घ्या असं सांगितलं होतं अशा ९०७ विद्यार्थ्यांच्या चिठ्ठ्या टाकून तीन गट केले. एका गटाला नुसतं बीजगणित : पास झाले ३९ टक्के. दुसऱ्याला बीजगणित आणि आठवड्याला जादा शिकवणी : ४५ टक्के. तिसऱ्याला थेट कॉलेजची सांख्यिकी, शिवाय तशीच शिकवणी : ५६ टक्के. वरचा विषय दिला आणि पास होणारे वाढले.

कॅलिफोर्नियात २०१७ साली कायदा झाला, ‘एबी ७०५’. २०१९ च्या फॉलपासून, म्हणजे शरद सत्रापासून, सगळ्या कॉलेजांत तो लागू झाला. त्या एका परीक्षेवरून माणसाला खालच्या पायरीवर बसवणं बंद. शाळेचे मार्क बघा, आणि ते खूप जुने असतील तर मार्गदर्शन घेऊन स्वतः ठरवा. २०२१ साली ताईंनी स्वतः ठरवलं. पहिला विषय घेतला सांख्यिकी.

(दृश्य : वर्ग. टेबलांवर फाशांचे ढीग. चेहरे नाहीत, फक्त हात आणि फासे. खडखडाट.)

हा आमच्या हाती लागलेला सगळ्यांत चांगला दिवस. वर्गात ३४ जण. प्रत्येकाला दहा फासे. टाकायचे, सरासरी काढायची आणि फळ्यावर आखलेल्या रेषेवर, त्या आकड्याच्या वर, एक गोल चिकट ठिपका लावायचा. असं तीनदा. ठिपके कमी पडले तेव्हा ताईंनी पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं. म्हणून फळ्यावर निळ्या ठिपक्यांत मधेच मरून रंग दिसतोय.

एक फासा टाकला तर एकपासून सहापर्यंत काहीही पडतं, सगळ्यांना सारखी संधी. पण दहा फाशांची सरासरी घेतली की बघा काय होतं. पहिले वीस ठिपके विखुरलेले. चाळीस झाले, मध्ये दाटी. सत्तर झाले, साडेतीनच्या आसपास उंचवटा, दोन्हीकडे उतार. १०२ ठिपके लागले तेव्हा फळ्यावर घंटेचा आकार उभा होता, आणि अडीच ते साडेचार यांच्या बाहेर जेमतेम सहा ठिपके. कुणी कुणाला विचारून फासे टाकले नव्हते.

(दृश्य : मरून टिकली, अगदी जवळून.)

मध्यवर्ती सीमा प्रमेय म्हणतात ते हे. थोड्यांवरून सगळ्यांबद्दल बोलण्याचा अधिकार या उंचवट्यातून येतो. मात्र एक अट आहे : ते थोडे कसेही उचलून चालत नाही, दैवावर सोडावे लागतात. रँडम सँपल. शिक्षकांनी हे वाक्य फळ्यावर लिहिलं आणि ताईंची पेन्सिल थांबली.

ताईंचे वडील तलाठी होते.

(दृश्य : खटाव तालुका. ज्वारीचं उभं पीक. हे चित्रीकरण ताईंच्या भाच्यानं फोनवर करून पाठवलंय.)

पीक कापणी प्रयोग. गावोगावच्या शेतकऱ्यांना हे शब्द ठाऊक आहेत, कारण पैसेवारी, म्हणजे पीक रुपयात किती पैसे आलं याचा सरकारी अंदाज, त्यावर ठरते. ताईंच्या लहानपणी ती पन्नासच्या आत आली की गाव टंचाईत धरलं जायचं. ज्वारीचं कोणतं शेत निवडायचं, हे तलाठ्यानं ठरवायचं नसतं. आकड्यांचा तक्ता ठरवतो. शेतात गेल्यावर कुठे उभं राहायचं, तेही तक्ताच सांगतो. नैऋत्य कोपऱ्यापासून इतकी पावलं लांबीनं, इतकी रुंदीनं. तिथे खुंटी ठोकायची, दहा मीटर बाय पाच मीटरचा तुकडा आखायचा, दोरी ताणायची, आतलं सगळं कापायचं, मळायचं, तोलायचं. जितके किलो भरतील त्याला दोनशेनं गुणलं की हेक्टरी उत्पादन. सुट्टीच्या दिवशी दोरीचं दुसरं टोक धरायला लहानपणी ताई जायच्या. ‘आप्पा, पलीकडं कणसं मोठी आहेत की,’ म्हणायच्या. आप्पा म्हणायचे, ‘म्हणून तर तिकडं जायचं नाही.’

तुकडा एवढा मोठा का, याचं उत्तरही याच मातीतल्या माणसानं शोधलंय. सातारा जिल्ह्यातल्याच बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे. १९४० च्या दशकात त्यांनी दाखवून दिलं की लहान तुकडा आखला तर उत्पादन फुगून येतं. तुकडा लहान, की क्षेत्राच्या मानानं कड जास्त. आणि कडेवरचं पिकाचं ताट आत की बाहेर असा प्रश्न आला, की माणसाचा हात ते नकळत आत ओढतो. हेच सुखात्मे पुढे रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे संचालक झाले. ताईंना हे नाव सापडलं ते कॅलिफोर्नियातल्या कॉलेजच्या वाचनालयात. बुध त्यांच्या माहेरच्याच तालुक्यात आहे.

(दृश्य : कॉलेजचं वाचनालय. लॅपटॉपच्या पडद्यावर पाठ्यपुस्तक.)

पुस्तक फुकट आहे, हेही सांगायला हवं. कुपर्टिनोच्या डी अँझा या कम्युनिटी कॉलेजातल्या बार्बरा इलोव्स्की आणि सुझन डीन यांनी आपल्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेलं सांख्यिकीचं पुस्तक इंटरनेटवर खुलं झालं. २०१३ पासून राइस विद्यापीठाचा ओपनस्टॅक्स हा उपक्रम त्याची आवृत्ती काढतो. जगात कुणीही, कुठेही, पैसे न देता वाचावं.

(दृश्य : वह्यांची चळत. एकेक वही टेबलावर ठेवली जाते.)

सांख्यिकी. प्रीकॅल्क्युलस. कॅल्क्युलस एक, दोन, तीन. लिनियर अल्जिब्रा. शिवाय इंग्रजी लेखन, इतिहास, जीवशास्त्र, भाषण. एकूण ६० युनिटं. राज्याच्या रहिवाशांना एका युनिटची फी ४६ डॉलर, म्हणजे पुस्तकं आणि पार्किंग सोडून अख्ख्या पदवीची फी २,७६० डॉलर. मुलांचे डबे, सासूबाईंचं आजारपण, एक सत्र पूर्ण बंद. दोन वर्षांची पदवी ताईंनी चार वर्षांत केली. परीक्षेच्या खोलीत कॅमेरा नेता येत नव्हता.

२०२५ च्या मे महिन्यात पदवी हाती आली. ती होती ‘असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर’, म्हणजे पुढे विद्यापीठात जाण्यासाठीची. २०१० च्या कायद्यानं ही पदवी घेणाऱ्यांना स्टेट युनिव्हर्सिटीत जागेची हमी आहे, अमुकच कॅम्पसची मात्र नाही. ताईंना जवळचा मिळाला. तिसरं वर्ष, विषय सांख्यिकी.

(दृश्य : टेबल. फोन डब्याला टेकवून उभा. व्हिडिओ कॉल. पलीकडे अर्ध्या पडद्यावर पांढरी टोपी आणि कपाळ.)

हे आप्पा. वय ७८. फोन जवळ धरतात, म्हणून एवढेच दिसतात.

ताईंनी वहीतून एक झेरॉक्स काढलाय. सांख्यिकीच्या पहिल्या आठवड्यात शिक्षकांनी वाटलेला, यादृच्छिक आकड्यांचा तक्ता. त्या तो कॅमेऱ्यासमोर धरतात.

‘आप्पा, दिसतंय का?’

‘थांब गं, चष्मा घेतो.’

(दृश्य : टोपी पडद्याबाहेर जाते. परत येते. चष्म्याच्या काचेत कागद उजळतो. आप्पा वरच्या डाव्या कोपऱ्यापासून आकडे मोठ्यानं वाचू लागतात, दोन-दोनच्या जोड्यांनी. ताईंच्या हातातला कागद हलत नाही. निवेदन इथे संपतं. पडदा काळा झाल्यावरही आकडे ऐकू येत राहतात.)