परसातले हिरवे दांडे

बेळगाव जिल्ह्यातला खानापूर तालुका, जानेवारीची सकाळ. खाचरात भाताची नुसती धसकटं उरलीत आणि परसातल्या गादीवाफ्यांवर कमरेएवढे हिरवे दांडे डोलताहेत. हे बेल्स ऑफ आयर्लंड, सजावटीसाठी दांड्यानिशी विकायचं फूलझाड. मूळचं तुर्कस्तान-सीरियाकडचं, कुळानं तुळस-पुदिन्याचं. दांडा बोटांत फिरवून बघा, चौकोनी लागतो.

जरा जवळ जाऊ. दांड्यावरची ही हिरवी वाटी म्हणजे निदलपुंज, फुलाबाहेरचं आवरण. फूल तिच्या आत, पांढुरकं, इवलंसं. ते गळून जातं, वाटी टिकते.

बी मात्र हट्टी. ज्यांचं हे परस, त्या काकूंनी ते ओल्या फडक्यात गुंडाळून आठवडाभर फ्रीजमध्ये ठेवलं होतं, विरजणाच्या भांड्याशेजारी. गारवा लागला की उगवण सुधारते. पेरणी पाऊस सरल्यावरच, कारण इथल्या पावसात मुळं कुजायची. ‘बी पुरू नका की हो,’ काकू बजावतात. उगवायला उजेड लागतो, म्हणून ओल्या मातीवर बी टाकून तळहातानं नुसतं दाबायचं आणि झारीनं हलकं पाणी. एवढं करूनही कोंब दिसायला 2 ते 4 आठवडे, तेही मागेपुढे. सोटमूळ दुखावलेलं याला खपत नाही. तेव्हा जागेवरच पेरायचं आणि विरळणी करून दीड वीत अंतर राखायचं. बेळगावचा हा भाग समुद्रसपाटीपासून 600-700 मीटर उंच, हिवाळा याला मानवतो. उसाला रान लागतं, पाणी लागतं, कारखान्याची वाट बघावी लागते. याला परस पुरतं, आणि कारभार बायकांच्या हातात राहतो.

आता काढणी. खालच्या वाट्या उघडल्या, शेंडा अजून कळीत आहे, असा दांडा निवडायचा. वाट्यांच्या बुडाशी बारीक काटे असतात. काकूंना मोजे नकोत, आम्ही मात्र हात मागे घेतले. पानं ओरबाडून टाकली की वाट्यांची माळ मोकळी दिसते. दांडे लगेच पाण्याच्या बादलीत, उभेच. आडवे पडले तर काही तासांत शेंडे वर वळतात आणि वाकडा दांडा फूलवाला घेत नाही.

भाव लग्नसराईवर, इथं गिऱ्हाईक हार-गजऱ्याचं जास्त, सजावटीचं थोडं. उरलेले दांडे उलटे टांगून वाळवतात.

कोपऱ्यातले सहा दांडे काकूंनी कापलेच नाहीत. ते पुढच्या हंगामाच्या बियांसाठी: एका वाटीत 4, तेही सगळे भरले तर.