दूध, पिठलं, मध: नकली मासा घरी ओतताना

(मालवणजवळच्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)

नमस्कार मंडळी. अध्यक्षांनी माझी ओळख 'मत्स्यतज्ज्ञ' अशी करून दिली. ताटातल्या माशांपुरतं म्हणाले असते तर गप्प बसलो असतो. मी मुळात साचेवाला. भोसरीत तीस वर्षं प्लास्टिकच्या वस्तूंचे साचे केले. बादलीची कडी, मिक्सरचं बटण, स्कूटरच्या दिव्याची काच, असलं सगळं. निवृत्त झालो, गावी आलो आणि सकाळचा कर्लीच्या खाडीवर गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, जाऊन बसू लागलो.

एका मे महिन्यात भाचा मुंबईहून आला तो रॉड-रीळ आणि गळाला आमिष म्हणून लावायच्या रबरी माशांचं एक पाकीट घेऊन. जाताना पाकीट माझ्याकडेच राहिलं. हा बघा त्यातला शेवटचा, हातोहात पुढे द्या. बोटाएवढा लांब, पाठ हिरवट राखाडी, पोट पांढरं, शेपटीच्या टोकाला घोड्याच्या टापेसारखी चकती. पोटाखालून नख फिरवलंत तर एक बारीक रेघ लागेल. लागली? ती साच्याची शिवण. दोन भागांच्या साच्यातून निघालेल्या प्रत्येक वस्तूला ती असते. माझ्या आयुष्याची तीस वर्षं ती रेघ बारीक करण्यात गेली, त्यामुळे मासा बघण्याआधी मी रेघच बघितली. म्हटलं, हे तर आपलंच काम.

आमचा होडीवाला शेजारी मात्र तो दोन बोटांत दाबून म्हणाला, "मासो ह्यां रबर कित्याक खातलो?"

प्रश्न बरोबर होता. खाडीतला चोणक घ्या. रायगडात ह्यालाच जिताडा म्हणतात. हा भक्ष्याचा चावा घेत नाही. तोंड एकदम उघडतो, आत पोकळी होते आणि पाण्यासकट भक्ष्य ओढलं जातं. पृष्ठभागावर झालं तर 'बुप्प' असा आवाज येतो, गरवणाऱ्यांना तो ओळखीचा आहे. आता त्याच्या तोंडात लाकडाचा किंवा कडक प्लास्टिकचा तुकडा गेला तर तितक्याच वेगाने तो बाहेर थुंकतो. मऊ काही गेलं तर क्षणभर तोंडात धरतो. आपल्याला तो क्षणच पाहिजे असतो, तंगूस, म्हणजे गळाची दोरी, ताणायला. शिवाय आपल्या खाड्यांचं पाणी गढूळ. तिथे मासा डोळ्यांपेक्षा अंगावरच्या पार्श्वरेषेने जास्त 'बघतो', पाण्यातली थरथर टिपतो. म्हणजे ह्या रबराला दोनच गोष्टी जमल्या पाहिजेत, मऊ असणं आणि हलणं. डोळे, खवले, चमकी हे बहुतेक गिऱ्हाइकासाठी असतं. दुकानात मासा येत नाही ना, माणूस येतो.

हे मऊपण आलं कुठून ते मला फार आवडतं, म्हणून थोडं विषयांतर. हे नावाला रबर, खरं तर पीव्हीसी नावाचं प्लास्टिक. पीव्हीसी पूर्वी बिनकामाचं समजत, कडक आणि ठिसूळ. अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात, रबर-टायरच्या कारखान्यांचं गाव ते, गुडरिच कंपनीत वाल्डो सेमन नावाचा रसायनतज्ज्ञ होता. त्याला रबर धातूला चिकटवायचा गोंद हवा होता. १९२६ साली त्याने हे टाकाऊ पीव्हीसी चढ्या उकळबिंदूच्या द्रवात तापवलं. गोंद झालाच नाही. थंड झाल्यावर हाताला लागलं ते लवचिक, उसळणारं काहीतरी. तुमच्या घरातल्या वायरचं वेष्टण, रेक्झिन, बागेला पाणी घालायचा लवचिक पाइप ही सगळी त्याची पिलावळ. आणि गंमत पुढे आहे. त्याच अ‍ॅक्रनमध्ये १९४९ साली निक क्रीम नावाच्या एका मशिनिस्टने, म्हणजे आमच्याच जातकुळीतल्या माणसाने, घरच्या शेगडीवर व्हिनाइल (म्हणजे हेच पीव्हीसी), तेल आणि रंग शिजवून गांडुळं ओतली. १९५१ मध्ये तो ती टपालाने विकायला लागला, एका डॉलरला पाच. पुढे टेक्सासमधल्या टायलरला त्याने कारखाना काढला. सगळ्या रबरी माशांचा हा मूळपुरुष. त्याच्या स्वयंपाकघरात काय बोलणी झाली असतील ती इतिहासात नाहीत, पण माझ्या घरची मी सांगू शकतो. पहिल्या दिवशी जुनं पातेलं उचललं आणि दुसऱ्या दिवशी पातेल्यासकट पडवीत आलो. ते योग्यच झालं. ह्या कामाला लागलेलं भांडं पुन्हा खाण्याच्या कामाला येत नाही, मायक्रोवेव्हसुद्धा नाही. जुना, वेगळा ठेवायचा आणि वर लिहून ठेवायचं.

कच्च्या मालाला प्लास्टिसॉल म्हणतात. पीव्हीसीची बारीक भुकटी एका तेलकट द्रवात मिसळलेली असते. त्या द्रवाला प्लास्टिसायझर म्हणायचं. भुकटी विरघळलेली नसते, नुसती तरंगत असते, म्हणून बाटली जोरात हलवून घ्यायची, नाहीतर वर तेल आणि खाली चिखल. टी-शर्टवरच्या जाड, रबरी छपाईची शाई, पकडीच्या दांड्यावरचं लाल आवरण, हेही प्लास्टिसॉलच. पण छपाईची शाई आणून मासे ओतू नका. कृती वेगळी असते, मी करून बसलोय.

ह्याला तापवताना तीन रूपं दिसतात. आधी दूध. पांढरं, पातळ. तापमान वाढलं की भुकटीचे कण तेल पितात, फुगतात आणि सगळं एकाएकी घट्ट होतं, अगदी पिठल्यासारखं, ढवळणी उभी राहील असं. नवा माणूस इथे घाबरतो, बिघडलं म्हणून टाकून देतो. थांबायचं. ढवळत राहायचं, कडेचं खरवडून मध्ये आणायचं. १७० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की ते पुन्हा सैल होतं, पांढरेपणा जातो आणि काचेच्या भांड्यात मध ओतल्यासारखं स्वच्छ दिसतं. कण एकमेकांत पूर्ण विरघळले. १७५ च्या आसपास ओतायचं. मधाच्या आधीच ओतलंत तर थंड झाल्यावर मासा हाताने तुटतो, बेसनाचा कच्चा लाडू फुटतो तसा. २०० च्या पुढे गेलात तर आधी पिवळा, मग तपकिरी, आणि वायर जळाल्याचा वास. तो वास म्हणजे हायड्रोजन क्लोराइड. घसा धरतो. अशा वेळी धाडस दाखवायचं नाही, भांडं बाहेर ठेवायचं आणि वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला आपण उभं राहायचं.

पाक करणाऱ्या बायकांना हे समजावून सांगावं लागत नाही. एकतारीचा दोनतारी कधी होतो ते त्या चमच्यावरून ओळखतात. मला मात्र लांबून नेम धरायचा थर्मामीटर लागतो. त्यातही मेख आहे, तो वरचा थर मोजतो. आत दहा-पंधरा अंशांचा फरक असू शकतो, म्हणून ढवळल्याशिवाय मोजायचं नाही.

रंग याच टप्प्याला, थेंबाथेंबाने. गढूळ पाण्याला मी काळा किंवा जांभळा घालतो, त्याची सावली ठळक पडते. चमकी घालायची हौस असेल तर उष्णतेला टिकणारी घ्या. राख्यांच्या दुकानातली चांदी घातली होती मी. पाच मिनिटांत तिचा रंग उतरला आणि सगळं राखाडी झालं.

आता साचा, म्हणजे माझं माहेर. पुण्यात असतो तर अ‍ॅल्युमिनियमचा खोदला असता. इथे प्लास्टर ऑफ पॅरिसने सुरुवात केली, आणि ते शिकलो गावातल्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती करतात तिथे. आधी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडातून मासा कोरला, पॉलिश पेपरने घासला. दोन वाट्या प्लास्टरला एक वाटी पाणी. प्लास्टर पाण्यात भुरभुरायचं, पाणी प्लास्टरवर ओतायचं नाही, गुठळ्या होतात. मासा अर्धा बुडवायचा, घट्ट झालं की वर तेलाचा हात आणि दुसरा भाग.

आणि इथे मी आपटलो. आषाढ होता. साचा हाताला कोरडा लागत होता, पण आपल्याकडच्या आषाढात कोरडं असं काही असतं का? पावणेदोनशे अंशांचं प्लास्टिक त्यात सोडलं मात्र, आत दडलेल्या पाण्याची वाफ झाली आणि साच्याने ते थुंकलं. लुंगीला तीन भोकं पडली आणि हा इथे मनगटावर डाग. हे प्लास्टिक पाकासारखं चिकटतं, झटकून जात नाही. ओढून काढायचं नाही, आधी गार पाण्याखाली हात धरायचा, बराच वेळ. त्या दिवसापासून पूर्ण बाह्यांचा सदरा, चामडी हातमोजे आणि चष्मा. आता साचे एप्रिलात करतो, उन्हात वाळवतो. घाईने भट्टीत घालायचे नाहीत, फार तापलं की प्लास्टरने धरून ठेवलेलं स्वतःचं पाणीही जातं आणि साचा खडूसारखा भुसभुशीत होतो. वाळल्यावर पातळ फेव्हिकॉलचे दोन हात द्यायचे, म्हणजे छिद्रं बुजतात. नाहीतर माशाच्या अंगावर देवीचे व्रण उठतात.

सिलिकॉन रबराचा साचा जास्त सोपा, हे कबूल करतो. पण एकदा माझ्या हातून प्लास्टरमधून असा गुळगुळीत मासा निघाला की मला सिलिकॉनवाल्यांकडे बघवेना. म्हातारपणाची अढी, दुसरं काय.

शेपटीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण सगळं काम तिथे आहे. ही चकती पाणी अडवते, पाणी तिला एका बाजूला ढकलतं, ती परत येते. पण हलते ती चकतीमुळे नव्हे, मागच्या ह्या मानेमुळे. मान जाड असेल तर चकती नुसती ओढली जाते, मेलेल्या माशासारखी. फार बारीक केली तर दोन फेकीत तुटते. माझी पहिली मान पाच मिलिमीटर होती. रूप काय देखणं! बादलीत ओढून बघितलं, ढिम्म. साचा मोडला, लाकडी मासा पुन्हा घासला, चार केली. वेगाने ओढलं तर हलायची, पण चोणकासाठी सावकाशच ओढावं लागतं. मग साचा न मोडता प्लास्टिसायझर वाढवून माल मऊ केला. हलली, पण गळावर माळताना माशाचं डोकं फाटायला लागलं. मऊपणा एका जागी दिला की मजबुती दुसरीकडून जाते. मीठ घालूनही हेच. नुसतं प्लास्टिक खाऱ्या पाण्यात जेमतेम बुडतं. बारीक दळलेलं, भाजून कोरडं केलेलं मीठ घातलं की जड होतं, छान बुडतं, पण तुटतंही लवकर. शेवटी मान साडेतीनवर आणली, मीठ सोडलं आणि वजन शिशाच्या डोक्याच्या गळावर टाकलं.

साठवणीचं एक सांगून ठेवतो. भाच्याने मला खणाखणांचा पारदर्शक डबा भेट दिला होता. त्यात मी चाळीस मासे रंगवार लावले, काळे, पांढरे, शेंदरी. पावसाळा संपल्यावर डबा उघडला, म्हणजे उघडायला गेलो. मासे डब्याला चिकटलेले, डब्याचा तळ विरघळून चिकट झालेला, आणि पांढऱ्या माशांना शेजाऱ्याचा शेंदूर लागलेला. प्लास्टिसायझर आतच बसून राहत नाही, शेजारच्या कडक प्लास्टिकमध्ये शिरतो. साध्या पॉलिथिनच्या पिशव्या वापरा, एक रंग एक पिशवी.

ह्याच कारणाने लहान मुलांच्या हातात हे देऊ नका. फ्थॅलेट जातीच्या काही प्लास्टिसायझरवर युरोपने २००५ साली खेळण्यांपुरती कायमची बंदी घातली, ती उगाच नव्हे. आणि खाडीचंही तेच. हे विरघळत नाही, कुजत नाही, माशाने गिळलं तर पोटात तसंच पडून राहतं. अमेरिकेतल्या मेन राज्यात २०१३ मध्ये रबरी आमिषांवर बंदीचं विधेयक आलं होतं. ते पुढे गेलं नाही, पण मला त्यात गैर काही वाटलं नाही. मी फाटलेले मासे खिशात घालून घरी आणतो. पुन्हा वितळवता येतात ना! सगळे रंग एकत्र केले की एक मळकट तपकिरी होतो, आणि आमच्या खाडीत तोच बरा चालतो.

काही प्रश्न? ... हो, बोला काका. "जिवंत कोळंबी लावली तर जास्त मासे मिळतील की नाही?"

मिळतील. ह्यात वाद नाही. गेल्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी मंद असते तेव्हा, मी आणि तो आमचा होडीवाला एकाच होडीत होतो. तो कोळंबी लावून, मी माझं रबर लावून. त्याला दोन तांबोशी आणि एक गोबरा. मला काही नाही. मग कोळंबी संपली. त्याने माझी पिशवी ओढली, एक तपकिरी उचलला, गळावर चढवला आणि कांदळाच्या मुळांपाशी टाकला. चौथ्या की पाचव्या खेपेला 'बुप्प'! दोन-अडीच किलोचा चोणक. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही त्याने. परत किनाऱ्याला लागलो तेव्हा आणखी दोन नग न विचारता खिशात टाकले आणि म्हणाला, "शेपटी जरा बारीक कर."

घरी येऊन कॅलिपरने मान मोजली. साडेतीन मिलिमीटर होती. सकाळी पुन्हा लाकूड घासायला घेतलं.