पान १३३९

(दृश्य: कायदे-अहवालांच्या खंडांची रांग. एक हात खंड बाहेर काढतो.)

अमेरिकेतल्या केंद्रीय अपील न्यायालयांचे निकाल छापणारा फेडरल रिपोर्टर, तिसरी मालिका, खंड ९२५. एका वकिलानं न्यायालयात दिलेल्या अर्जाप्रमाणे पान १३३९ वर 'वर्गीस विरुद्ध चायना सदर्न एअरलाइन्स' हा निकाल हवा.

(दृश्य: पानावरून सरकणारं बोट.)

खंड खरा, पानही खरं. खटला मात्र दुसराच, विमानाशी काडीचाही संबंध नसलेला. वर्गीसचा निकाल चॅटजीपीटीनं रचलेला होता.

२०२३, न्यूयॉर्क. विमानातली ट्रॉली गुडघ्याला लागली म्हणून एका प्रवाशानं एव्हियांका कंपनीवर दावा केला होता. त्याच्या वकिलाच्या गाठीशी तीस वर्षांचा अनुभव, तरी आधीचे निकाल त्यानं चॅटजीपीटीकडून शोधून घेतले. शंका त्यालाही आली. पण विचारलं कुणाला, तर चॅटजीपीटीलाच. 'वर्गीस खटला खरा आहे का?' हो. 'आणि बाकीचे?' तेही खरे, नामांकित डेटाबेसमध्ये मिळतील! असे सहा बनावट निकाल न्यायालयापुढे गेले. न्यायाधीश केव्हिन कॅस्टेल यांनी साधन वापरण्याला दोष दिला नाही. तपासण्याची जबाबदारी वकिलाची, एवढंच बजावलं. दंड ५,००० डॉलर, दावाही मुदतबाह्य ठरून फेटाळला गेला.

(दृश्य: कार्यालय. संपादिकेच्या स्क्रीनवर अहवालाची संदर्भसूची.)

सहकाऱ्यांच्या एआय-वापराबद्दल नोकरदारांची तक्रारही थोडीफार हीच. मसुदा करून घेतला, भाषा सुधारून घेतली, याला फारसं कुणी गैरवापर म्हणत नाही. (स्वतः केलं तर ती 'मदत', शेजारच्या टेबलावर दिसलं तर 'शॉर्टकट', हा भाग वेगळा.) राग येतो तो न वाचता पुढं ढकललेल्या कामाचा.

बघा, ती एकेक दुवा उघडतेय. पहिला उघडला. दुसऱ्याला 'पान सापडलं नाही'. तिसरा लेख आहे, पण लेखक भलताच. पूर्वी कच्चं काम पहिल्याच परिच्छेदात अडखळायचं, कुठं बघायचं ते कळायचं. आता चुकीलाही कडक इस्त्री असते, म्हणून प्रत्येक ओळ तपासावी लागते. लिहिणाऱ्याचा वाचलेला वेळ असा हिच्या खात्यातून जातो, आणि टाइमशीटवर त्याला रकाना नाही.

(दृश्य: कोड निवडला जातो. कॉपी. पेस्ट.)

आणखी एक भीती गुपितं बाहेर जाण्याची. २०२३ मध्येच सॅमसंगच्या अभियंत्यांनी कंपनीचा सोर्स कोड (सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर) चॅटजीपीटीत टाकल्याचं उघड झालं. मे महिन्यात कंपनीनं आपल्या उपकरणांवर अशा साधनांना बंदी घातली. बंदी आली की काम खिशातल्या फोनवर सरकतं, असं खासगीत सांगणारे भेटतात. कॅमेऱ्यासमोर यायला मात्र कुणी तयार झालं नाही.